फोर्ड ट्रकचा टी-१८ गिअरबॉक्स जुन्या सीजे-७ जीपला बसवायचा तर

प्रश्न थोडक्यात असा. डेन्व्हरला राहणाऱ्या, मूळच्या सांगलीच्या एका मुलाकडे १९७९ची सीजे-७ जीप आहे. इंजिन एएमसीचं (त्या काळी जीप बनवणारी कंपनी), सहा सिलिंडरचं २५८ घन इंचाचं, म्हणजे ४.२ लिटरचं. गिअरबॉक्स मूळचाच, तीन गिअरचा टी-१५०. त्यामागे डाना २० ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी पेटी), डिफरन्शिअल ३.५४चं, टायर ३१ इंची. गावाबाहेरच्या भंगार यार्डात त्याला ऐंशीच्या दशकातल्या फोर्ड एफ-२५० ट्रकचा चार गिअरचा टी-१८ दिसलाय. तो विचारतो, "काका, बोल्ट जुळवून बसेल का, की नाद सोडू?"

काका म्हणालास, म्हणून अरेतुरे करतो. बसतो. माझ्या हातून असे पाच-सहा बसलेत. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात अकरा वर्षं आणि पुढे टोलेडोला सतरा वर्षं मी क्लच आणि गिअरबॉक्स याशिवाय दुसरं फारसं काही केलेलं नाही. पण 'बोल्ट जुळवून' हे शब्द आधी डोक्यातून काढ. बोल्टाला भोकं कुठेही पाडता येतात. इंजिनाच्या क्रँकची (इंजिनातल्या फिरत्या दांड्याची) मध्यरेषा आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टची (पुढून आत जाणाऱ्या दांड्याची) मध्यरेषा एका ओळीत आणणं, हे खरं काम. ते जमलं तर बाकीची हमाली आहे. ते चुकलं तर कितीही भारी गिअरबॉक्स आण, सहा महिन्यांत आवाज करायला लागतो.

आधी या उद्योगातून तुझ्या पदरात काय पडणार ते बघू, कारण अर्धे लोक इथेच फसतात. तुझ्या टी-१५०चा पहिला गिअर २.९९चा, म्हणजे इंजिनाच्या २.९९ फेऱ्यांना मागचा शाफ्ट एक फेरी मारतो. ट्रान्सफर केसचा लो (हळू चालीचा गिअर) २.०३ आणि डिफ, म्हणजे डिफरन्शिअल, ३.५४. तिन्हींचा गुणाकार साडेएकवीस येतो. फोर्डच्या टी-१८चा पहिला ६.३२चा, तिथे गुणाकार सव्वापंचेचाळीसच्या पुढे जातो. इंजिन ६०० फेऱ्यांवर नुसतं धुगधुगत ठेवलं तर आता तुझी जीप लो-पहिल्यात ताशी चार किलोमीटरने जाते, म्हणजे माणसाच्या चालीने. टी-१८ बसवल्यावर ती दोनच किलोमीटरने जाईल. दगडधोंड्यांतून उतरताना ब्रेकवर पाय न ठेवता गाडी मुंगीसारखी खाली येते, ते सुख वेगळंच.

पण हायवेवर काहीही बदलत नाही. टी-१५०चा तिसरा गिअर १.००, टी-१८चा चौथाही १.००. ताशी ६५ मैलाला आज इंजिन २५०० फेऱ्यांच्या आसपास फिरतं, उद्याही तेवढंच फिरेल. तू लिहिलंयस की डेन्व्हरहून युटातल्या मोआबला गाडी चालवत जायचं, म्हणजे साडेतीनशे मैल हायवेच आहे. त्यासाठी कोणीतरी तुला पाच गिअरचा एनव्ही-४५०० सुचवेल. तो चांगलाच आहे, पहिला ५.६१ आणि पाचवा ०.७३चा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे इंजिन हळू फिरवून गाडी पळवणारा गिअर. पण वजनाने नव्वद किलोच्या घरात, लांबीला जास्त आणि खिशाला त्याहून जास्त. शिवाय आय-७० वर आयसेनहॉवर बोगद्याकडे चढताना, अकरा हजार फुटांवर, कार्ब्युरेटरचं जुनं २५८ इंजिन १८०० फेऱ्यांवर पाचवा गिअर ओढणार नाही. चौथ्यातच चढशील. मग ओव्हरड्राइव्हसाठी एवढे पैसे का मोजायचे? माझं मत टी-१८लाच. ज्याची गाडी सपाटीवर पळते त्याने खुशाल एनव्ही घ्यावा.

आता यार्डात काय बघायचं. टी-१८ हा बॉर्ग-वॉर्नरचा, जाड बीडाच्या (ओतीव लोखंडाच्या) बॉडीचा, साठ-सत्तर किलोचा ऐवज. पाठीला जपून उचल. तो फोर्डच्या ट्रकांत येत होता, तसाच जीपमध्येही येत होता. तुझ्याच सीजे-७ला त्या काळी तो कंपनीकडून पर्याय म्हणून मिळायचा. म्हणजे आपण काही जगावेगळं करत नाही. पण नाव एक आणि आत दात वेगळे, ही यातली मेख आहे. काही टी-१८चा पहिला गिअर ४.०२चाच असतो, जीपमधल्या गिअरबॉक्सांत असे निघतात. तो घेतलास तर एवढा खटाटोप करून हाती फारसं काही लागणार नाही.

म्हणून जाताना एक जुनी क्लच प्लेट बरोबर ने. फोर्डच्या दातांची हवी, तुझी नको. का ते पुढे सांगतो. गिअरबॉक्स जमिनीवर आडवा असेल, तेल गळून खाली डबकं झालेलं असेल. गिअरची काठी हलवून पहिल्यात टाक. मागच्या शाफ्टवर खडूने एक रेघ मार, बॉडीवर तिच्यासमोर दुसरी. मग इनपुट शाफ्टवर ती प्लेट सरकव आणि स्टिअरिंगसारखी दोन्ही हातांनी फिरव. नुसता शाफ्ट तेलकट हाताने फिरत नाही, प्लेट म्हणजे फुकटची मूठ. मागची रेघ एक पूर्ण फेरी मारून परत समोर येईपर्यंत प्लेटच्या किती फेऱ्या झाल्या ते मोज. सहा आणि वर एक तृतीयांश झाली तर आपला माल. चार झाल्या तर प्लेट काढून घे आणि यार्डवाल्याला राम राम कर.

मग काठी न्यूट्रलला आण आणि वरच्या झाकणाचे बोल्ट सोड. न्यूट्रलला न आणता झाकण उचललंस तर आतले गिअर सरकवणारे फोर्क अडकतात आणि परत बसवताना जीव जातो. आत टॉर्च मार. पहिला आणि रिव्हर्स यांना टी-१८मध्ये सिंक्रो (गिअर पडताना गती जुळवणारी पितळी रिंग) नसतो, दात सरकून दातात जातात, त्यामुळे ड्रायव्हर घाईचा असेल तर त्या दातांची टोकं घासून गोल झालेली दिसतात. थोडी गोलाई चालते. टवका उडालेला असेल तर नको. तेल दुधासारखं पांढरट झालं असेल तर पाणी शिरलंय, बेअरिंगांचा खर्च धर. शेवटी मागचा भाग बघ. फोर-व्हील-ड्राइव्ह ट्रकातला गिअरबॉक्स मागे आखूड असतो, टू-व्हील-ड्राइव्हमधल्याला लांब शाफ्ट आणि त्यावर लांब टेल हाउसिंग असतं. दुसरा प्रकार अगदीच टाकाऊ नाही, पण त्याचा मेनशाफ्ट बदलावाच लागतो, तेव्हा भाव पाडून घे.

यार्डातच एक मोह होईल. त्या एफ-२५०ची ट्रान्सफर केस तशीच गिअरबॉक्सच्या मागे लटकलेली असेल आणि वाटेल, अख्खीच उचलावी, मागचं अॅडॉप्टर वाचेल. नको. त्या काळच्या फोर्ड ट्रकांत पुढच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट डाव्या बाजूने निघतो. तुझ्या सीजेचं पुढचं डिफ उजवीकडे आहे. प्रोपेलर इंजिनाच्या खालून तिरका नेता येत नाही. तुझी डाना २०च राहणार.

आता पुढचं टोक, जिथे सगळा जीव आहे.

गिअरबॉक्सच्या तोंडाशी इनपुट शाफ्टभोवती एक गोल कॉलर असते, फ्रंट बेअरिंग रिटेनर. ती बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या, क्लच झाकणाऱ्या कवचाच्या) मधल्या गोल भोकात घट्ट बसते आणि गिअरबॉक्स मध्यरेषेवर धरते. चार बोल्ट फक्त आवळून ठेवतात, मध्य धरायचं काम त्यांचं नाही. हे वाक्य मला आमच्या मिस्त्रींनी पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं आणि मला ते तीन वर्षांनी कळलं. म्हणून व्हर्निअरने दोन मापं घे: फोर्डच्या रिटेनरचा बाहेरचा व्यास आणि तुझ्या जीपच्या बेल हाउसिंगच्या भोकाचा आतला व्यास. भोक मोठं असेल तर लेथवर कडी कातून मधली फट भरता येते. रिटेनर मोठा असेल तर हाउसिंग बोअर करून घ्यावं लागतं, आणि ते ड्रिलवर रीमर धरून करायचं काम नव्हे, चांगल्या मशीन शॉपात दे. बेल हाउसिंग शक्यतो एएमसीचंच ठेव, कारण क्लचचं लिंकेज त्याच्यावर आणि चॅसीवर टांगलेलं असतं. फोर्डचं हाउसिंग एएमसी इंजिनाला लागत नाही.

दुसरं, शाफ्टवरचे दात. फोर्डच्या ट्रक टी-१८चा इनपुट शाफ्ट १-१/१६ इंच, १० दातांचा. एएमसीचा १-१/८ इंच, तोही १० दातांचा. फरक किती, तर इंचाचा सोळावा भाग, आपल्या भाषेत अर्धा सूत. डोळ्याला कळत नाही. दातांची संख्याही तीच, त्यामुळे तुझी जीपची प्लेट फोर्डच्या शाफ्टवर छान सरकते आणि माणूस खूश होतो. ती सरकते, कारण ती ढिली असते! तशीच बसवलीस तर सुरुवातीला कटकट आवाज येईल आणि नंतर प्लेटच्या मधल्या हबचे दात साफ होतील. म्हणून म्हटलं, फोर्डच्या दातांची प्लेट ने. उपाय सोपा आहे: प्रेशर प्लेट आणि फ्लायव्हील एएमसीचं, मधली क्लच प्लेट त्याच व्यासाची पण फोर्डच्या दातांची. फक्त जाडी सारखी आहे का आणि हब फ्लायव्हीलच्या बोल्टांना घासत नाही ना, हे प्लेट हाताने फ्लायव्हीलवर दाबून फिरवून बघ. ज्यांना असा भेसळीचा संसार नको ते जीपच्या मापाचा इनपुट शाफ्टच घालतात. तेही बरोबर आहे, पण त्यासाठी गिअरबॉक्स खोलावा लागतो.

तिसरं, शाफ्टचं नाक. इनपुट शाफ्टचं पुढचं बारीक टोक क्रँकच्या मागच्या भोकात बसवलेल्या पायलट बुशमध्ये फिरतं. इथे बुश बाहेरून एएमसीच्या क्रँकच्या मापाचा आणि आतून फोर्डच्या नाकाच्या मापाचा लागतो. तो बनवून घे, तेल मुरवलेल्या ब्राँझचा. आतून कातताना हत्यार धारदार हवं आणि एमरी पेपर अजिबात लावायचा नाही, नाहीतर ब्राँझची छिद्रं बुजतात आणि आतलं तेल बाहेर येत नाही. नाकाला दोनेक थाऊ मोकळीक ठेव (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग).

आणि हे नाक पोचतं का? बेल हाउसिंगची खोली मोज, म्हणजे इंजिनाला टेकणाऱ्या तोंडापासून गिअरबॉक्सला टेकणाऱ्या तोंडापर्यंत. क्रँकच्या तोंडापर्यंतचं अंतर त्यात धर. मग गिअरबॉक्सच्या तोंडापासून नाकाच्या टोकापर्यंतची लांबी मोज. नाक बुशमध्ये निदान अर्धा इंच शिरलं पाहिजे. कमी पडत असेल तर बुश लांब करून बाहेर काढता येतो. जास्त होत असेल, म्हणजे नाक क्रँकच्या आत तळाला टेकत असेल, तर मात्र थांब. मध्ये जाड प्लेट घालून गिअरबॉक्स मागे घ्यावा लागेल.

यावरून एक नियम पक्का कर. गिअरबॉक्स वर उचलून हाउसिंगला लावताना शेवटची बोटभर फट हाताने ढकलून मिटली पाहिजे. मिटत नसेल तर बोल्ट आवळून ओढून घ्यायचा नाही. एकतर बीडाचा कान तुटतो, नाहीतर नाक क्रँकला पुढे रेटतं आणि इंजिनातलं थ्रस्ट बेअरिंग जातं. दुसऱ्या प्रकारात दोष इतका उशिरा दिसतो की माणूस इंजिनवाल्याला शिव्या घालत बसतो.

आता डायल. मॅग्नेटवर लावलेला डायल गेज कुठल्याही बऱ्या टूल दुकानात मिळतो, आणि या कामात तो पान्याइतकाच गरजेचा आहे. क्लच काढलेला असताना बेल हाउसिंग इंजिनाला पूर्ण आवळून बसव. मॅग्नेट फ्लायव्हीलवर चिकटव आणि डायलची सुई हाउसिंगच्या मधल्या भोकाच्या आतल्या कडेला टेकव. स्पार्क प्लग काढून ठेव, म्हणजे इंजिन हाताने हलकं फिरतं. हळूहळू एक पूर्ण फेरी दे. सुई किती ते किती गेली, तो फरक लिही. मध्य जेवढा चुकलाय त्याच्या दुप्पट आकडा डायल दाखवतो, हे विसरू नकोस. डायलवर १४ थाऊ दिसले म्हणजे हाउसिंग ७ थाऊ बाजूला आहे. डायलचा आकडा १० थाऊच्या आत, म्हणजे चूक ५च्या आत, हवी. त्याच्या वर असेल तर इंजिनाच्या डॉवेल पिना (हाउसिंग जागेवर धरणाऱ्या खुंट्या) काढून दोन वेगळ्या घालायच्या, ज्यांचा अर्धा भाग दुसऱ्या अर्ध्यापासून जरासा सरकवून कातलेला असतो. त्या फिरवत फिरवत हाउसिंग हव्या त्या दिशेला ढकलता येतं. मध्य जुळल्यावर तीच सुई हाउसिंगच्या मागच्या सपाट तोंडावर टेकवून परत फिरव. तोंड तिरपं असेल तर तेही कळतं. बहुतेक वेळा तिथे जुना रंग, गंज किंवा ठोकलेला टवका असतो, सपाट कानशीने निघतो.

एवढं सांगतोय, कारण मी स्वतः हे न करता काम केलंय. नव्वदच्या दशकात आमच्याकडे जुन्या पेट्रोल जीपला डिझेल इंजिन बसवायची लाट होती. इंजिन एकीकडचं, गिअरबॉक्स दुसरीकडचा, मध्ये वीस मिलिमीटर जाड लोखंडी प्लेट. मी ती प्लेट गास्केटवरून आखली, पंच मारले, भोकं पाडली. भोकं बोल्टपेक्षा एक मिलिमीटर सैल, म्हणजे 'अॅडजस्टमेंट राहते'. डॉवेल नाहीच. ऊसतोडीच्या मुकादमाची गाडी होती, सकाळी दिली, पेढे खाल्ले. तीन महिन्यांनी तो परत आला. टॉपमध्ये गाडी टाकली की गिअर आपोआप न्यूट्रलला उडी मारायचा. एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्या हाताने काठी दाबून धरत तो गगनबावड्याचा घाट उतरला होता. खोललं तर पायलट बुश अंड्यासारखा लंबगोल, क्लच प्लेटच्या स्प्रिंगा तुटलेल्या, पुढचं बेअरिंग किरकिरत होतं. मिस्त्रींनी डायल लावला, ५० थाऊ फिरला. ते काही बोलले नाहीत, फक्त डायल तसाच लावून ठेवून चहाला गेले. मुकादमाचं काम मी दुसऱ्यांदा फुकट केलं. तेव्हापासून टॉपमधून गिअर उडतो असं कोणी सांगितलं की मी गिअरबॉक्स खोलायच्या आधी हाउसिंगला डायल लावतो.

मागच्या टोकाला एवढं नाजूक काम नाही, पण पैसा तिथेच जास्त जातो. टी-१८चा मेनशाफ्ट तुझ्या डाना २०च्या इनपुट गिअरला तसा लागत नाही. मध्ये अॅडॉप्टर हवं. हे घरी बनवायच्या फंदात पडू नकोस. नोव्हाक आणि अॅडव्हान्स अॅडॉप्टर्स या कंपन्या वर्षानुवर्षं नेमकं हेच करतात. फोर्डचा टी-१८ फोर-व्हील-ड्राइव्हचा आहे की टू-व्हील-ड्राइव्हचा, ट्रान्सफर केस कुठली आणि पुढे इंजिन कुठलं, हे तिन्ही सांगून किट माग. मेनशाफ्ट बदलायचं किट असेल तर गिअरबॉक्स पूर्ण खोलणं आलंच. मग त्याच वेळी बेअरिंगं, पितळी सिंक्रो रिंगा आणि सगळी ऑइल सील नवी टाक. एकदा खोललेला गिअरबॉक्स जुन्या बेअरिंगांवर परत बंद करणं हा कंजूषपणा अंगाशी येतो. अॅडॉप्टरमधलं सील उलटं बसवू नकोस. तिथून तेल झिरपलं तर गिअरबॉक्स रिकामा होत जातो आणि ट्रान्सफर केस भरून वाहते, आणि लोक ट्रान्सफर केसची सीलं बदलत बसतात.

आता लांबी. टी-१८ आणि अॅडॉप्टर मिळून टी-१५०पेक्षा लांब होतात, म्हणून ट्रान्सफर केस मागे सरकते. किती ते किटवाला सांगेल, तरी स्वतः मोज. त्याचा फटका मागच्या प्रोपेलरला बसतो. समज, आता प्रोपेलर २४ इंच लांब आहे आणि ट्रान्सफर केसपासून डिफपर्यंत सहा इंच खाली उतरतो. कोन चौदा अंशांचा होतो. चार इंच आखूड झाला, उतार तेवढाच, तर कोन पावणेसतरा. तुझ्या गाडीला पाटे उंच केलेले असतील तर आणखी वाढेल. साध्या क्रॉस जॉइंटला एवढा कोन रोज दिला तर तो थरथरतो आणि लवकर झिजतो. सीजे-७ला सीजे-५पेक्षा दहा इंच जास्त व्हीलबेस आहे, त्यामुळे तू सुटशील. सीजे-५वाल्याला मी हे काम करायच्या आधी दोनदा विचार करायला सांगतो. कोन जास्तच आला तर ट्रान्सफर केसकडे दुहेरी जॉइंटचा प्रोपेलर लावून डिफचं तोंड वर वळवतात.

प्रोपेलर आधीच कापायला देऊ नकोस. सगळं बसवून, गाडी चाकांवर उभी करून, पाट्यांवर वजन असताना माप घे. जॅकवर टांगलेल्या गाडीचं माप खोटं असतं. पुढचा प्रोपेलर तेवढाच लांब करावा लागेल.

खालची स्किड प्लेट सीजेला क्रॉस मेंबरचं (चॅसीच्या आडव्या पट्टीचं) काम करते, गिअरबॉक्सचं रबर तिच्यावर बसतं. ती मागे घेऊन चॅसीत नवी भोकं पाड, जुन्या भोकांपासून निदान दीड-दोन इंच लांब. फ्लोअरमध्ये काठीसाठी नवं भोक लागेलच. ते पत्रा कापायच्या आधी पुठ्ठ्यावर आख, चारही गिअरमध्ये आणि रिव्हर्समध्ये काठी फिरवून बघ, सीटला आणि डॅशला लागते का. एकाने दुसऱ्या गिअरमध्ये काठी सीटच्या कडेला टेकते हे पत्रा वेल्ड केल्यावर शोधून काढलं. स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसवरच आहे, तिला काही करायचं नाही.

तेल जीएल-४चं ९० नंबर घाल. दुकानदार जीएल-५ पुढे करेल, 'वरच्या दर्जाचं' म्हणेल. डिफला ते योग्य, पण त्यातली जास्तीची गंधकाची रसायनं पितळेच्या सिंक्रो रिंगांना मानवत नाहीत. बाजूच्या पीटीओच्या (बाहेरच्या यंत्राला जोर द्यायच्या तोंडाच्या) सहा बोल्टांच्या झाकणाला नवं गास्केट टाक, तिथूनच गळतं.

चालवताना रोज दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उचल. पहिला रस्त्यासाठी नाही. सिग्नलला पहिल्यात टाकलास तर चौक ओलांडायच्या आत गिअर बदलावा लागेल आणि मागचे हॉर्न वाजवतील. पहिल्यात टाकताना गाडी पूर्ण उभी हवी. घसरत असताना टाकायचाच असेल तर क्लच दोनदा दाबून इंजिनाच्या फेऱ्या जुळवायला शिक. पहिल्या महिन्यात दात वाजतील, शेजारी हसतील.

एक धोका कोणी सांगत नाही. टी-१८ इतका दणकट आहे की आता मोडायची पाळी मागच्या भागांवर येते. तुझं मागचं अॅक्सल एएमसी २०. त्याचा शाफ्ट आणि टोकाचा हब हे दोन वेगळे तुकडे आहेत, मध्ये चावी. लो-पहिल्यात चाक दगडात अडकलेलं असताना अॅक्सिलरेटर दाबलास तर चाकापाशी पूर्वीच्या दुप्पट जोर येतो. तो हब शाफ्टवरच फिरतो किंवा चावी तुटते, आणि चाकासकट बाहेर पडायला बघतो. एकसंध शाफ्ट मिळतात, ते टाकेपर्यंत पहिल्यात फक्त हळू चाल. हा गिअर जोर लावायला नाही, जोर न लावता जायला आहे.

हे वाचून महाराष्ट्रात कोणाचे हात शिवशिवत असतील तर एवढंच: आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. कंपनीच्या मूळ तपशिलात परवानगीशिवाय बदल केला तर २०१९च्या दुरुस्तीनंतर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. आरटीओत विचारल्याशिवाय पाना उचलू नका.

तू यार्डात जाऊन फेऱ्या मोज. सहा भरल्या तर रिटेनरचा व्यास, नाकाची लांबी आणि तुझ्या बेल हाउसिंगची खोली व भोक, ही चार मापं मला कळव. पैसे त्यानंतर दे.